अँजिओग्राफी स्वच्छ, तरी धाप का? मधुमेहात हृदयाच्या पेशी कशा जपाव्यात

माझे वडील बरीच वर्षे ठाण्याहून रबाळ्याला ट्रान्स-हार्बरच्या गाडीने पाळीच्या नोकरीसाठी जात होते. मधुमेह पन्नाशीच्या आधीच झाला होता, गोळ्या चालू होत्या, आणि साखर ‘थोडी वर असते’ एवढेच आम्हा घरच्यांना ठाऊक होते. निवृत्तीला दोन-तीन वर्षे उरली असताना ठाणे स्थानकाचा पूल चढताना ते मध्येच कठड्याला धरून थांबू लागले. छातीत दुखत नव्हते. अँजिओग्राफी झाली, रक्तवाहिन्यांत लक्षणीय अडथळा नाही असा निर्वाळा मिळाला आणि आम्ही पेढे वाटायचेच काय ते बाकी ठेवले. धाप मात्र गेली नाही. पुढे दीड वर्षाने टूडी इकोचा, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीचा, अहवाल ओळीने वाचून दाखवणाऱ्या एका डॉक्टरांनी सांगितले की नळ्या ठीक आहेत, पण स्नायू ताठ झाला आहे.

हृदय म्हणजे केवळ त्याला रक्त पुरवणाऱ्या नळ्या नव्हेत, हे आम्हाला तेव्हा उशिराच कळले. वैद्यकाला ते १९७२ पासून माहीत आहे. त्या वर्षी न्यूयॉर्कच्या शर्ली रुबलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चार मधुमेही रुग्णांच्या शवविच्छेदनाचा वृत्तांत प्रसिद्ध केला. या चौघांचे हृदय निकामी झाले होते, पण त्यांच्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांत त्याचा उलगडा करणारा अडथळा नव्हता. दोनच वर्षांनी अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅम गावच्या दीर्घ पाहणीत असे दिसले की मधुमेही पुरुषांत हार्ट फेल्युअरचे, म्हणजे हृदयाचे काम कमी पडण्याचे, प्रमाण इतरांच्या सुमारे २.४ पट, तर मधुमेही स्त्रियांत सुमारे पाच पट आहे. म्हणून हृदय जपायचे असेल, तर वाढलेली साखर स्नायूच्या पेशीत नेमके काय करते हे आधी समजून घ्यावे. पुढची प्रत्येक काळजी का घ्यायची हे त्यातून आपोआप उलगडते.

पेशीच्या आत

हृदयाचा स्नायू दिवसाला सुमारे एक लाख वेळा आकुंचन पावतो. त्यासाठी लागणारे एटीपी नावाचे ऊर्जाद्रव्य तो साठवून ठेवत नाही, सतत नव्याने घडवत राहतो. अवघ्या तीनशे ग्रॅमच्या आसपास वजनाचा हा अवयव दिवसभरात सहा किलो किंवा त्याहून अधिक एटीपी घडवतो आणि खर्च करतो. निरोगी हृदय यांपैकी साधारण साठ ते सत्तर टक्के ऊर्जा मेदाम्लांतून आणि उरलेली ग्लुकोज, लॅक्टेट इत्यादींतून मिळवते. त्याचे खरे सामर्थ्य म्हणजे गरजेप्रमाणे इंधन बदलण्याची हातोटी: जेवणानंतर इन्सुलिन वाढले की ते ग्लुकोजकडे वळते, उपाशीपोटी मेदाकडे.

मधुमेहात ही हातोटी जाते. इन्सुलिन कमी पडते किंवा पेशी त्याला दाद देत नाही, त्यामुळे ग्लुकोज आत घेणारी दारे पुरेशी उघडत नाहीत आणि रक्तात साखरेचा पूर असताना पेशी जवळजवळ संपूर्णपणे मेदावर जगू लागते. मेद जाळून तेवढेच एटीपी मिळवायला ग्लुकोजच्या तुलनेत सुमारे १० ते १२ टक्के अधिक प्राणवायू लागतो. विश्रांतीत हा फरक जाणवत नाही, जिना चढताना जाणवतो. शिवाय जळण्याच्या क्षमतेपेक्षा अधिक मेद पेशीत शिरला की तो तिथेच साचतो, आणि त्यापासून बनणारी सिरामाइडसारखी द्रव्ये इन्सुलिनचा संदेश आणखी बोथट करतात.

मग जी साखर तरीही आत शिरते तिचे काय होते? ऊर्जेचा मुख्य मार्ग तुंबलेला असल्यामुळे ती आडवाटांना लागते. घोडबंदर रस्त्यावर कोंडी झाली की गाड्या सोसायट्यांच्या गल्लीबोळांत शिरतात आणि तिथल्या लोकांचे हाल करतात, तसाच हा प्रकार आहे. एका आडवाटेने साखरेचे सॉर्बिटॉल होते आणि त्या व्यवहारात पेशीचे ऑक्सिडीकरणाविरुद्धचे संरक्षक साठे खर्ची पडतात. दुसऱ्या वाटेने साखरेपासून बनलेला एक लहानसा रेणू पेशीतील प्रथिनांना चिकटून त्यांचे काम बदलतो. तिसऱ्या वाटेने प्रोटीन कायनेज सी हे विकर (एन्झाइम) अवाजवी जागे होते. या सगळ्यांच्या मुळाशी मायटोकॉन्ड्रियातून, म्हणजे पेशीतल्या ऊर्जा घडवणाऱ्या भट्ट्यांतून, गळणारे विध्वंसक ऑक्सिजन-रेणू आहेत, असे सूत्र मधुमेहाचे संशोधक मायकेल ब्राउनली यांनी २००१ मध्ये मांडले. हृदयाच्या पेशीच्या आकारमानाचा जवळपास एक तृतीयांश भाग मायटोकॉन्ड्रियाच व्यापतात, हे लक्षात घेतले की घाव कुठे बसतो ते कळते.

आता कॅल्शियमकडे वळू, कारण माझ्या वडिलांच्या धापेचे उत्तर इथे होते. प्रत्येक ठोक्याला पेशीतील कोठारातून कॅल्शियम बाहेर पडते आणि स्नायू आवळतो. ते कॅल्शियम पुन्हा कोठारात ओढून घेतले गेले की स्नायू सैल पडतो. आपण समजतो की आवळायला कष्ट आणि सैल पडणे आपोआप. तसे नाही. कॅल्शियम परत ओढणारा पंप एटीपीवर चालतो, म्हणजेच सैल व्हायलाही इंधन लागते. मधुमेहात हा पंप मंदावतो आणि कोठारातून कॅल्शियम अवेळी झिरपतही राहते. २०१३ मध्ये दाखवले गेले की वाढलेली साखर याच्याशी संबंधित एका विकराला चिकटून ते सतत चालू ठेवते आणि त्यातून ठोक्यांची लय बिघडू शकते. अर्धवट सैल झालेल्या डाव्या कप्प्यात पुरेसे रक्त मावत नाही, मागचा दाब फुप्फुसांपर्यंत चढतो आणि माणसाला धाप लागते. पंपाची ताकद दाखवणारा इजेक्शन फ्रॅक्शनचा आकडा या काळात साठ टक्के, अगदी उत्तम असू शकतो.

शेवटचा घाव पेशींच्या भोवती बसतो. साखर कोलॅजनच्या, म्हणजे पेशींना बांधून ठेवणाऱ्या प्रथिनाच्या, धाग्यांना चिकटते आणि काळाच्या ओघात त्या धाग्यांना एकमेकांशी जखडून टाकते. एचबीएवनसी या रक्ततपासणीचा आकडा म्हणजे याच चिकटण्याचे हिमोग्लोबिनवरचे मोजमाप. फरक एवढाच की तांबडी पेशी साधारण १२० दिवसांत मरते आणि नवी येते, तर हृदयातील कोलॅजन वर्षानुवर्षे तेच राहते. तीन महिने साखर सुधारली की अहवालातला आकडा सुधारतो. धाग्यांना बसलेल्या गाठी तेवढ्या वेगाने सुटत नाहीत. मेलेल्या स्नायूपेशींच्या जागी नव्या येण्याचा वेगही प्रौढ वयात वर्षाला एक टक्का किंवा त्याहून कमी आहे, त्यामुळे गेलेली पेशी गेली असेच धरून चालावे.

तपासण्या कोणत्या, आणि त्या वाचाव्यात कशा

एचबीएवनसी दर तीन महिन्यांनी, आणि साखर स्थिर असेल तर सहा महिन्यांनी करावी. सात टक्के म्हणजे सरासरी साखर सुमारे १५४ मिलिग्रॅम, आठ म्हणजे १८३, नऊ म्हणजे २१२, असा हिशोब लावता येतो. बहुतेक प्रौढांसाठी सातच्या आत हे लक्ष्य असते, घरच्या ग्लुकोमीटरवर उपाशीपोटी ८० ते १३० आणि जेवणानंतर १८० च्या आत. मात्र लोहाची कमतरता असेल तर एचबीएवनसी खोटा वाढलेला दिसू शकतो आणि रक्तपेशी लवकर मोडत असतील तर खोटा कमी; थॅलेसेमियाचे वाहक असाल तर तेही डॉक्टरांना सांगावे. बोटाची साखर आणि हा आकडा जुळत नसेल, तर गोळी वाढवण्याआधी हिमोग्लोबिन पाहावे.

त्यासोबत वर्षातून एकदा लघवीतील अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर (लघवीवाटे किती प्रथिन गळते ते) करून घ्यावे. ही स्वस्त तपासणी लोक हमखास टाळतात, कारण तिचा संबंध फक्त मूत्रपिंडाशी आहे असे त्यांना वाटते. प्रत्यक्षात ३० च्या वरचा आकडा शरीरातील बारीक रक्तवाहिन्यांच्या दुखापतीची खूण असतो आणि हृदयाचा धोकाही सांगतो. रक्तदाब १३०/८० च्या आत ठेवावा. एलडीएल कोलेस्टेरॉल किती असावे हे डॉक्टर धोक्यानुसार ठरवतात. मधुमेहासोबत आणखी धोके असतील तर ७० च्या आत आणि हृदयविकार झालेला असेल तर ५५ च्या आत, अशी आजची दिशा आहे.

टूडी इकोचा अहवाल हाती आला की शेवटची ओळ वाचून घडी घालू नये. ‘डायस्टोलिक डिसफंक्शन’ (स्नायू नीट सैल न पडणे) असे शब्द आहेत का, डावा वरचा कप्पा मोठा झाला आहे का, ‘ई’ भागिले ‘ई प्राइम’ हे गुणोत्तर किती आहे, हे विचारावे. हे गुणोत्तर चौदाच्या वर असेल तर डाव्या बाजूचा दाब वाढल्याची शंका घेतात. पहिल्या श्रेणीचे डायस्टोलिक डिसफंक्शन साठीनंतर मधुमेह नसलेल्यांतही आढळते, तेव्हा त्या एका ओळीने घाबरून जाऊ नये. पण धाप आणि ती ओळ एकत्र असतील तर एनटी-प्रोबीएनपी ही हृदयावरचा ताण दाखवणारी रक्ततपासणी करावी का, हे विचारणे योग्य ठरते. तिचा आकडा १२५ च्या वर गेला तर पुढचा शोध घेतात. लठ्ठ व्यक्तींत तो प्रत्यक्षापेक्षा कमी येतो, हे इथल्या बऱ्याच जणांना लागू आहे.

घरी एक तपासणी मात्र प्रत्येकाने करावी, कारण दीर्घ मधुमेहात हृदयाच्या नसाही बधिर होतात. पाच मिनिटे आडवे पडून रक्तदाब व नाडी मोजावी, नंतर उभे राहून एका आणि तीन मिनिटांनी पुन्हा मोजावी. वरचा दाब २० किंवा त्याहून अधिक घसरत असेल, किंवा विश्रांतीतही नाडी शंभराच्या वर राहत असेल, तर ते आकडे कागदावर लिहून डॉक्टरांना दाखवावेत. दुसरी तपासणी फुकट आहे. रोजचा एकच जिना ठरवावा, मग तो स्थानकाचा पूल असो की सोसायटीचे तीन मजले, आणि महिन्यातून एकदा तो न थांबता चढता येतो का, किती ठिकाणी थांबावे लागते हे नोंदवावे. माणूस हळूच लिफ्टने जाऊ लागतो आणि धाप कमी झाली असे समजतो. वडिलांनीही पुलाऐवजी रिक्षाने पूर्वेला वळसा घालून जाणे सुरू केले होते, आणि आम्ही त्याला सुधारणा म्हणत होतो.

साखरेचे उंचवटे कसे उतरवावेत

पेशीला त्रास सरासरीचा होतो तसाच जेवणानंतरच्या उंच लाटेचाही. ही लाट मोडण्याचे साधे उपाय ताटातच आहेत. आधी कोशिंबीर, पालेभाजी आणि उसळ किंवा आमटीतली डाळ खावी, मासे-अंडी खात असाल तर तेही याच वेळी, आणि भात-पोळी शेवटी घ्यावी. पदार्थ तेच राहिले तरी केवळ या क्रमाने जेवणानंतरची साखर कमी चढते. ज्वारीची भाकरी चांगली, पण चार भाकऱ्या म्हणजे पिठूळ पदार्थांचा डोंगरच. ठाण्यात मिसळ खायची नाही असे सांगणारा मार्गदर्शक कोणी पाळणार नाही, म्हणून एवढेच सांगतो की मटकीची उसळ वाढवून घ्यावी आणि पाव एकावर थांबवावा. खरा घोटाळा उपासाचा आहे. संकष्टीला साबुदाण्याची खिचडी, बटाटा आणि वर केळे, हे सारे पुण्यकर्म ग्लुकोमीटरवर स्वच्छ दिसते. उपास करायचाच असेल तर वरीचे तांदूळ थोडे घेऊन दाण्याची आमटी, दही आणि काकडी यांवर भर द्यावा, आणि इन्सुलिन किंवा साखर खाली आणणारी गोळी चालू असेल तर मात्रा आधी डॉक्टरांना विचारावी.

दुसरा उपाय जेवणानंतरच्या दहा-पंधरा मिनिटांच्या चालण्याचा. चालणारा स्नायू इन्सुलिनची वाट न पाहता ग्लुकोज आत घेतो, म्हणून हे चालणे जेवण झाल्यावर लगेचच फळते. तलावपाळीची एखादी फेरी, नेरूळला ज्वेल ऑफ नवी मुंबईचा पट्टा, खारघरला सेंट्रल पार्क, जे जवळ असेल ते. पावसाळ्यात इमारतीच्या गच्चीखालचा व्हरांडाही चालतो. आठवड्याला एकूण दीडशे मिनिटे वेगाने चालणे आणि दोन दिवस स्नायूंना ताण देणारा व्यायाम, हे लक्ष्य ठेवावे. पायांच्या नसा बधिर असतील तर अनवाणी चालू नये. वर्षानुवर्षे बैठे जीवन असेल आणि मधुमेह जुना असेल, तर जोरदार व्यायाम सुरू करण्यापूर्वी ईसीजी आणि डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

महापे-ऐरोलीच्या कंपन्यांत रात्रपाळी करणाऱ्यांनी ‘सकाळची उपाशी साखर’ हा शब्दप्रयोग आपल्या दिनक्रमाप्रमाणे वाचावा: झोपून उठल्यावर, आठ तास काही न खाता घेतलेली साखर ती उपाशीपोटीची, मग घड्याळात दुपारचे तीन का वाजले असेनात. मध्यरात्री दोनचे भरपेट जेवण टाळून पाळी सुरू होण्याआधीच मुख्य जेवण घेतले तर लाट लहान राहते. कमरेचा घेरही मोजावा. आपल्याकडे पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटीमीटरच्या पुढे धोका सुरू होतो. तंबाखूबद्दल, मशेरीसह, वेगळे लिहायची गरज नसावी.

औषधांविषयी डॉक्टरांशी काय बोलावे

स्वतःहून गोळी बदलू नये, पण प्रश्न जरूर विचारावेत. पहिला प्रश्न: हृदयाला थेट संरक्षण देणारी गोळी मला लागू आहे का? डॅपाग्लिफ्लोझिन आणि एम्पाग्लिफ्लोझिन ही औषधे लघवीवाटे साखर बाहेर टाकतात. २०१५ मध्ये जाहीर झालेल्या मोठ्या चाचणीत हृदयविकार असलेल्या मधुमेहींत एम्पाग्लिफ्लोझिनने हृदयविकाराने होणारे मृत्यू ३८ टक्क्यांनी आणि हार्ट फेल्युअरसाठी रुग्णालयात दाखल होणे ३५ टक्क्यांनी घटवले. एवढा फायदा साखरेतील माफक घटीने स्पष्ट होत नाही, म्हणून त्यांचा हृदयावर स्वतंत्र परिणाम असावा असे मानले जाते. भारतात पहिल्या औषधाचे पेटंट २०२० मध्ये आणि दुसऱ्याचे २०२५ मध्ये संपले आणि जेनेरिक गोळ्या स्वस्त झाल्या. पथ्य एवढे की जननेंद्रियांची स्वच्छता ठेवावी, कारण बुरशीचा संसर्ग होऊ शकतो. उलट्या-जुलाब होत असतील किंवा अन्नपाणी बंद असेल तर डॉक्टरांना विचारून गोळी थांबवावी. आणि शस्त्रक्रिया ठरली असेल तर निदान तीन दिवस आधी ती बंद करण्याविषयी विचारावे. कडक निर्जळी उपासाच्या दिवशीही गोळी थांबवण्याविषयी आधी विचारावे.

दुसरा प्रश्न: माझ्या औषधांत पायोग्लिटाझोन आहे का? ते शरीरात पाणी धरून ठेवते, त्यामुळे हार्ट फेल्युअर असलेल्यांना देत नाहीत. अनेक एकत्रित गोळ्यांत ते लपलेले असते, म्हणून पाकिटावरची बारीक अक्षरे वाचावीत.

साखर किती खाली आणायची, हा विषय थोडा थांबून समजून घ्यावा लागतो. ब्रिटनच्या यूकेपीडीएस अभ्यासात नव्याने मधुमेह झालेल्यांनी सुरुवातीची वर्षे साखर नीट सांभाळली, आणि चाचणी संपल्यावर दोन्ही गटांची साखर वर्षभरात सारखी झाली, तरीही दहा वर्षांनंतर, २००८ च्या अहवालात, सांभाळणाऱ्या गटात हार्ट अटॅक १५ टक्क्यांनी कमी आढळले. कोलॅजनच्या गाठी आठवल्या की याचे नवल वाटत नाही. पण त्याच २००८ मध्ये अमेरिकेतील अकॉर्ड चाचणीत, जुना मधुमेह आणि हृदयाचा धोका असलेल्या दहा हजारांहून अधिक लोकांपैकी ज्यांचे एचबीएवनसी सहाच्या खाली खेचण्याचा प्रयत्न झाला, त्या गटात मृत्यू अधिक झाले आणि तो प्रयोग मुदतीआधी थांबवावा लागला. म्हणून पस्तिशीत मधुमेह कळला असेल तर पहिल्या दिवसापासून काटेकोर राहावे. पंचाहत्तरीच्या, थकलेल्या आजोबांना मात्र आठपर्यंतचा आकडा चालू शकतो, आणि त्यांना साडेसहासाठी छळू नये.

साखर एकदम उतरली तरी हृदयाला झटका बसतो, कारण ॲड्रेनलिन उसळते आणि ठोक्यांची लय बिघडू शकते. ७० च्या खाली साखर गेली, घाम आणि थरथर सुटली, तर तीन चमचे साखर पाण्यातून घ्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजावे आणि गरज पडल्यास तेच पुन्हा करावे. बीटा-ब्लॉकर (हृदयाचे ठोके मंद करणारे औषध) चालू असलेल्यांना धडधड जाणवत नाही, घाम मात्र येतो. लोकलमध्ये अडकून जेवणाची वेळ टळते, तेव्हा खिशात ग्लुकोजच्या गोळ्या असाव्यात.

कधी थांबू नये

तीन दिवसांत वजन दोन किलोंहून अधिक वाढणे, घोट्यांवर सूज, आडवे पडल्यावर दम लागून दोन उशा घ्याव्या लागणे, रात्री खोकल्याने जाग येणे: यांपैकी काहीही नव्याने सुरू झाले तर पुढच्या भेटीची तारीख न पाहता त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जावे. हार्ट फेल्युअरचे निदान झालेल्यांनी रोज सकाळी लघवीनंतर, न्याहारीआधी वजन करून कॅलेंडरवर लिहावे.

अचानक दरदरून घाम, न थांबणारी मळमळ, जबड्यात किंवा पोटाच्या वरच्या भागात दाब, विनाकारण धाप किंवा गळून गेल्यासारखे वाटणे हे मधुमेही माणसात छातीत न दुखणाऱ्या हार्ट अटॅकचे रूप असू शकते, कारण दुखणे मेंदूपर्यंत पोहोचवणाऱ्या नसाच बधिर झालेल्या असतात. अशा वेळी ॲसिडिटी म्हणून जेलुसिल घेऊन पडून राहू नये आणि स्वतः गाडी चालवतही निघू नये. १०८ ला फोन करावा, रुग्णाला बसते ठेवावे, चालू औषधांची यादी आणि जुना ईसीजी सोबत घ्यावा; जुना ईसीजी शेजारी ठेवला की नवीन बदल कोणता ते तपासणाऱ्याला लगेच दिसते. आमच्या घरी ही दोन्ही कागदे आता फ्रिजच्या दारावर, चुंबकाखाली असतात.